मत कर्जदाराला, पावती ठेवीदाराला

बँक दरोडेखोरांनी लुटली तर सकाळी शटर उघडताच कळते. आतल्यांनी लुटली तर कळायला दहा वर्षे लागतात, आणि त्या दहा वर्षांत लुटणाऱ्याला आपण शाल-श्रीफळ देत असतो. गणपतीच्या मांडवाबाहेर त्याच्या नावाची कमान उभी राहते, शाळेच्या स्नेहसंमेलनाला तो प्रमुख पाहुणा म्हणून येतो, त्याचे पाय घराला लागावेत म्हणून लग्नाचा मुहूर्तसुद्धा अर्धा तास खोळंबतो. मग एक दिवस शाखेच्या काचेवर रिझर्व्ह बँकेचा कागद चिकटतो आणि कालचा साहेब आज चोर ठरतो. त्याला चोर म्हणायला माझी हरकत नाही. पण त्याला साहेब कोणी केले, हे विचारल्याशिवाय ही चर्चा मिटवू देण्याची माझी तयारी नाही.

पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँक, म्हणजे आपली पीएमसी. तिच्यावर २३ सप्टेंबर २०१९ रोजी निर्बंध आले आणि दुसऱ्या दिवशी ठेवीदारांना कळले की सहा महिन्यांत आपल्याच खात्यातून आपल्याला एक हजार रुपये काढता येतील. पितृपक्ष चालू होता. घटस्थापना पाच दिवसांवर आली होती. १३७ शाखा, साडेअकरा हजार कोटींहून जास्त ठेवी. त्याच वर्षीच्या मार्चअखेरच्या अहवालात नफा शंभर कोटींच्या घरात आणि ढोबळ थकीत कर्ज पावणेचार टक्क्यांच्या आसपास. कागदावर इतकी धडधाकट बँक सहकारात शोधून सापडली नसती. प्रत्यक्षात सुमारे ८,८८० कोटींच्या कर्जवाटपातले साडेसहा हजार कोटी एचडीआयएल या एकाच बांधकाम समूहाकडे गेलेले होते. शंभरातले त्र्याहत्तर रुपये एका दारात. तेव्हाचा नियम असा होता की एका समूहाला बँकेच्या स्वतःच्या भांडवलाच्या ४० टक्क्यांपलीकडे कर्ज देता येत नाही. लक्षात घ्या, भांडवलाच्या ४० टक्के, ठेवींच्या नव्हे.

हे लपले कसे? चव्वेचाळीस खात्यांतले कर्ज रिझर्व्ह बँकेला द्यायच्या यादीत २१,०४९ बनावट खात्यांत वाटून दाखवले गेले. हा आकडा वाचून पुढे जाऊ नका, जरा थांबा. एकवीस हजार नावे आपोआप उमटत नाहीत. कोणीतरी संगणकासमोर बसून ती भरली असणार, कोणीतरी तपासली असणार, कोणीतरी खाली सही केली असणार. आणि संध्याकाळी ही सगळी माणसे डबा पिशवीत घालून लोकलने घरी गेली असणार. त्या समूहाची खाती मोजक्याच कर्मचाऱ्यांना दिसतील अशी व्यवस्था संगणकात होती, असे नंतर बाहेर आले. वृत्तपत्रांनी तेव्हा असेही छापले की या प्रकाराची खबर रिझर्व्ह बँकेपर्यंत नेली ती कर्ज विभागातल्या काही महिला कर्मचाऱ्यांनी. संचालकांच्या खुर्च्या, सीएंच्या फर्म, तपासणीला येणारी सरकारी पथके, एवढ्या उतरंडीत बोलायची हिंमत झाली ती पगारदार बायकांना. त्यांचा सत्कार कुठल्या मंडळाने केल्याचे माझ्या वाचनात नाही.

काळ कोणता होता तेही सांगायला हवे. २०१८च्या सप्टेंबरमध्ये आयएल अँड एफएस ही बलाढ्य वित्तसंस्था देणी चुकवू लागली आणि बाजारातला पैसा आटला. जुन्या कर्जाचा हप्ता नव्या कर्जातून फेडणाऱ्या बिल्डरांचे नळ एकामागून एक बंद झाले. एचडीआयएल आधीपासूनच डळमळत होती. ऑगस्ट २०१९मध्ये बँक ऑफ इंडियाच्या अर्जावरून तिच्यावर दिवाळखोरीची कारवाई सुरू झाली. आणि त्याच ऑगस्टच्या शेवटी, ही कारवाई टळावी म्हणून, बँक ऑफ इंडियाचे देणे भागवायला प्रवर्तकाला सुमारे ९६ कोटी दिले ते पीएमसीने. घर जळताना धावत जाऊन शेजाऱ्याच्या आगीत आपले सागवान टाकावे, तसा हा प्रकार. महिन्याभरात ठेवीदार रस्त्यावर आले.

बँकेचे तेव्हाचे व्यवस्थापकीय संचालक जॉय थॉमस यांनी रिझर्व्ह बँकेला लिहिलेले कबुलीचे पत्र त्या दिवसांत वर्तमानपत्रांत आले. गुन्ह्याचा पुरावा म्हणून त्याची किंमत न्यायालय ठरवील. खटले चालू आहेत आणि त्यांत मी पडत नाही. मी ते पत्र वाचतो ते आपल्या समाजाचा आरसा म्हणून. त्यात सांगितले होते की ऐंशीच्या दशकात बँक नवी आणि अशक्त असताना एचडीआयएलच्या याच वाधवान घराण्याने तिच्यात भांडवल घातले होते. पुढे २००४मध्ये अफवेने ठेवीदारांची झुंबड उडाली तेव्हा त्यांनीच शंभर कोटींच्या आसपास ठेव ठेवून बँक तारली. म्हणजे उपकार होता. आणि उपकारकर्त्याला नाही कसे म्हणायचे?

हे वाक्य पत्रात या शब्दांत नव्हते, पण त्या पत्राच्या प्रत्येक ओळीखाली तेच आहे. महाराष्ट्रातल्या बुडालेल्या बँकांची प्रेते उकलून पाहिली तर बहुतेकांच्या पोटात हेच विष सापडेल. लबाडी नंतर येते. आधी येते ती भीड. 'आपलाच माणूस आहे', 'वडिलांचे संबंध आहेत', 'एवढ्या मोठ्या माणसाकडे तारण काय मागायचे', 'साहेबांचा फोन होता'. पहिले कर्ज भिडेखातर दिले जाते. ते थकल्याचे दिसू नये म्हणून दुसरे. दुसरे लपावे म्हणून तिसरे. तिसऱ्यापाशी येईपर्यंत माणूस भिडस्त राहिलेला नसतो, भागीदार झालेला असतो. आणि ही भीड आपण घरातून शिकवतो. वडीलधाऱ्याला हिशेब विचारणारा मुलगा उद्धट, सभेत उठून प्रश्न विचारणारा सभासद विघ्नसंतोषी, जामीन राहायला नकार देणारा मित्र स्वार्थी. अशा संस्कारांत वाढलेली माणसे संचालक मंडळात गेली की तिथे कोणता कणखरपणा दाखवणार?

सहकार आपल्याकडे आला तो सावकाराविरुद्ध. १८७५च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातल्या सुप्यात शेतकऱ्यांनी सावकारांची घरे-दुकाने गाठली आणि कर्जरोखे बाहेर काढून जाळले. दंगे गावोगाव पसरले. सरकारने चौकशी केली, १८७९मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा केला. न्यायमूर्ती रानडे आणि विल्यम वेडरबर्न यांनी शेतकऱ्यांसाठी बँक काढण्याची योजना मांडली, पुरंदर तालुक्यात प्रयोग करायचे ठरवले. विलायतेच्या सरकारने ती नामंजूर केली. १८८९मध्ये बडोद्याला विठ्ठल लक्ष्मण कवठेकर यांनी अन्योन्य सहकारी मंडळी स्थापन केली. देशातल्या नागरी सहकारी पतपुरवठ्याचा आरंभ त्या मराठी माणसाच्या पुढाकाराने झाला. १९०४चा कायदा त्यानंतरचा. त्या कायद्यात खेड्यातल्या पतसंस्थांना एक कडक अट होती, जर्मनीतल्या रायफायझनच्या संस्थांवरून घेतलेली: सभासदांची जबाबदारी अमर्याद. संस्था बुडाली तर प्रत्येकाच्या बैलजोडीपर्यंत वसुली येऊ शकते. त्यामुळे शेजारी कशासाठी कर्ज मागतो आहे, बियाण्यासाठी की बारशाच्या पंगतीसाठी, यावर साऱ्या गावाचे लक्ष असे. तिथे भीड परवडत नव्हती.

आज काय आहे? आज नागरी सहकारी बँकेत कर्ज घ्यायचे तर सभासद व्हावेच लागते. कर्जाच्या प्रमाणात शेअर घ्यावे लागतात. ठेव ठेवायला सभासदत्व लागत नाही. वरवर ही किरकोळ तांत्रिक बाब वाटते, पण सगळी मेख इथेच आहे. संचालक निवडून देतात सभासद. म्हणजे मतदार यादीत कर्जदार भरगच्च आणि ठेवीदार विरळ. ज्याने बँकेचे पैसे नेले त्याला मत आणि ज्याने बँकेत पैसे आणून ठेवले त्याला पावती. अशा निवडणुकीत कोणते पॅनेल जिंकेल? वसुली कडक करीन म्हणणारे, की 'आपण बघून घेऊ' म्हणणारे? जगात दुसरी कोणती संस्था असेल की जिचे मालक तिचेच ऋणको आहेत आणि ज्यांच्या पैशांवर ती चालते ते बाहेर, काउंटरच्या जाळीपलीकडे, टोकन घेऊन उभे आहेत?

हा दोष कायद्याचा आहे, मान्य. पण तो कायदा इतकी वर्षे ठेवीदारांना टोचला नाही, कारण ठेवीदाराला त्याच्या सोयीचे एक आमिष दिलेले होते. अर्धा टक्का जास्त व्याज. ज्येष्ठ नागरिकांना आणखी अर्धा. आपल्या सुशिक्षित मध्यमवर्गाने, म्हणजे वर्तमानपत्रातले अग्रलेख वाचून देशाचे अर्थकारण चघळणाऱ्या वर्गाने, बँक निवडताना दुसरे काहीही पाहिले नाही. जास्त व्याज देणारी बँक ते कुठून देते, तिचे पैसे कोणाकडे जातात, हा प्रश्न नाक्यावर भाजी घेताना भेंडी मोडून पाहणाऱ्या गृहस्थालाही सुचला नाही. मी गरिबांना यात धरत नाही. ज्या बाईच्या दारात रोज संध्याकाळी पिग्मीवाला येतो आणि पन्नास-शंभर रुपये घेऊन जातो, तिला निवड नसते. मोठ्या बँकेचा दरवाजा तिच्यासाठी जड असतो. दोष आहे तो ज्यांना ताळेबंद वाचता येत होता त्यांचा.

आणि सभा! आमच्या सहकाराच्या वार्षिक सर्वसाधारण सभा एकदा कोणी चित्रित करून ठेवायला हव्यात. गुळगुळीत कागदावरचा अहवाल दारात हातात मिळतो. पहिल्या पानावर दिवंगत संस्थापकांचे फोटो, दुसऱ्यावर विद्यमान संचालकांचे, तिसऱ्यावर अध्यक्षांना मिळालेल्या पुरस्काराचे. आकडे शेवटी, बारीक टायपात. विषय क्रमांक एक, मागील सभेचे इतिवृत्त: मंजूर, मंजूर. विषय क्रमांक दोन, अहवाल व ताळेबंद: मंजूर, मंजूर. या आरोळ्या देणारी मंडळी ठरलेल्या जागी बसवलेली असतात. प्रश्न विचारायला उठलेल्याला 'वेळेअभावी लेखी द्या' असे सांगितले जाते. सभासदांचे अर्धे लक्ष दाराशी लावलेल्या टेबलाकडे असते, कारण तिथे स्टीलचा डबा किंवा छत्री मिळणार असते. लाभांश जाहीर होतो, टाळ्या पडतात, बटाटावडा येतो. हजारो कोटींच्या संस्थेचा वर्षाचा हिशेब आपण चाळीस मिनिटांत मंजूर करतो आणि डबा काखेत मारून घरी येतो.

जातीबद्दलही बोलले पाहिजे. सुधारकाने हा विषय टाळायचा नसतो. मुंबई-पुण्यातल्या कित्येक बँका ज्ञातीच्या आधाराने उभ्या राहिल्या. शंभर वर्षांपूर्वी त्यात अर्थ होता: गोऱ्या साहेबाची बँक कारकुनाला दारात उभे करत नव्हती आणि ज्ञातिबांधव एकमेकांची पत ओळखून होते. १९१८ साली सुरू झालेली सारस्वत बँक आज देशातली सर्वांत मोठी नागरी सहकारी बँक आहे. तेव्हा ज्ञातीच्या नावाने सुरू झालेली संस्था बुडतेच असे मुळीच नाही. बुडते ती ज्ञातीच्या भरवशावर तपासणी सोडून देणारी. १९१५ची सीकेपी बँक बांधकाम क्षेत्रातल्या कर्जांनी खिळखिळी झाली, २०१४पासून निर्बंधांखाली राहिली आणि २०२०च्या एप्रिलअखेर तिचा परवाना रद्द झाला. तिच्या ठेवीदारांत आयुष्यभर कचेरीत हिशेब तपासलेली पांढरपेशी माणसे होती. ऑफिसात दोन रुपयांच्या व्हाउचरवर आक्षेप काढणारा माणूस आपल्या ज्ञातीच्या बँकेत डोळे मिटून फंड-ग्रॅच्युइटी ठेवतो, तेव्हा तो विश्वास नसतो, आळस असतो. पीएमसीच्या ठेवीदारांतही गुरुद्वारे होते, शिक्षणसंस्था होत्या, आणि सिंकिंग फंड ठेवणाऱ्या गृहनिर्माण सोसायट्या होत्या.

आता दुसऱ्या टोकाचा माणूस पाहा. दोन लाखांचे कर्ज घेऊन रिक्षा घेतलेला कर्जदार तीन हप्ते चुकला की त्याच्या घरी वसुली अधिकारी येतो, शेजाऱ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात बोलतो. सहकार कायद्याच्या कलम १०१चा दाखला निघतो, रिक्षा ओढून नेतात, दोन्ही जामीनदारांच्या पगारातून कपात सुरू होते. वर्तमानपत्रात लिलावाच्या जाहिराती बघा, फोटोसकट: फ्लॅट साडेचारशे चौरस फूट, येणे बाकी अकरा लाख. त्या गृहस्थाच्या मुलीचे लग्न मोडले तरी कोणाला हळहळ नसते. कर्जबुडव्याच्या घरात कोण सोयरीक करणार? आणि ज्याने शेकडो कोटी थकवले त्याच्याकडची सोयरीक मिळावी म्हणून लोक मध्यस्थ शोधतात. छोट्या कर्जदाराची नीती आपण पोलिसासारखी तपासतो. मोठ्या कर्जदाराच्या नीतीची चौकशी करणे आपल्याला असभ्यपणाचे वाटते. ही आपली नैतिक मोजपट्टी आहे, आणि बँका हिच्यावरच चालतात. बँकेतला कर्ज अधिकारी काही परग्रहावरून आलेला नसतो.

पेणचे उदाहरण घ्या. गणपतीच्या मूर्तींसाठी जगभर माहीत असलेले गाव. तिथल्या पेण अर्बन बँकेवर २०१०च्या सप्टेंबरात निर्बंध आले. बनावट कर्जखात्यांचा साडेसातशे कोटींच्या घरातला घोटाळा उघडा पडला. सुमारे दोन लाख ठेवीदार अडकले. रायगडातले शेतकरी, मूर्तिकार, निवृत्त शिक्षक, जमिनी विकून आलेला पैसा ठेवणारे. २०१४मध्ये परवाना रद्द झाला. पुण्याची रुपी बँक १९१२ची. फेब्रुवारी २०१३पासून निर्बंध आणि सप्टेंबर २०२२मध्ये अंत. साडेनऊ वर्षे ठेवीदारांनी प्रशासकांच्या दारात काढली, विलीनीकरणाच्या बातम्या वाचल्या, आणि त्यातले कितीतरी त्या बातम्या वाचतावाचता गेले. १९९२च्या हर्षद मेहता प्रकरणात बँक ऑफ कराड बुडाली तेव्हाही अशीच चर्चा झाली होती. धडा घेण्याची भाषा दर दहा वर्षांनी होते आणि पुढची बँक त्या भाषणांच्या काळातच पोखरली जात असते.

नागपूर जिल्हा मध्यवर्ती बँकेची गोष्ट मला सर्वांत जास्त छळते, कारण तिथे आरोपीच्या पिंजऱ्यात आपण सरळसरळ आहोत. २००२मध्ये या बँकेचे दीडशे कोटींच्या आसपास रुपये होम ट्रेड या दलाल कंपनीमार्फत सरकारी रोख्यांत गुंतवल्याचे दाखवले गेले. रोखे कधी आलेच नाहीत. पैसा कोणाचा होता? कापूस-सोयाबीन पिकवणाऱ्या आणि खरिपाच्या तोंडावर पीककर्जासाठी याच बँकेकडे पाहणाऱ्या शेतकऱ्यांचा. बँक मोडून पडली आणि शेतकरी पुन्हा त्याच सावकाराच्या ओट्यावर गेला ज्याच्यापासून सुटण्यासाठी सव्वाशे वर्षे हा सगळा सहकाराचा खटाटोप चालला होता. तेव्हाचे अध्यक्ष सुनील केदार यांना खालच्या न्यायालयाने पाच वर्षांची शिक्षा सुनावली ती डिसेंबर २०२३मध्ये. एकवीस वर्षांनी. पुढे त्यांना जामीन मिळाला. अपिलाचा हक्क त्यांना आहे आणि तो असलाच पाहिजे. माझा प्रश्न त्यांना नाही. त्या एकवीस वर्षांत ते पुन्हापुन्हा निवडून आले, राज्याचे मंत्री झाले. मते कोणी दिली? त्यात ज्यांचे पीककर्ज बंद झाले अशांचीही असणार. 'पैसा गेला तो बँकेचा, आपला काय गेला?' हे वाक्य मी विदर्भातच नव्हे, कोकणात आणि देशावरही ऐकले आहे. बँकेचा पैसा म्हणजे कोणाचाच नाही अशी आपली समजूत आहे, आणि जो कोणाचाच नाही तो उचलणारा चलाख ठरतो.

बुडाल्यावर भार कोण उचलते तेही पाहू. १९६०मध्ये केरळातली पलाई सेंट्रल बँक आणि आपल्या अकोल्याची लक्ष्मी बँक बुडाली, त्यातून ठेव विम्याचा कायदा झाला. १९६२च्या पहिल्या जानेवारीपासून व्यापारी बँकांतल्या प्रत्येक ठेवीदाराला दीड हजार रुपयांचे संरक्षण मिळाले. १९९३मध्ये ते एक लाख झाले आणि तिथेच सत्तावीस वर्षे थिजून राहिले. त्या काळात मुंबईतल्या घरांच्या किमती कुठून कुठे गेल्या ते वेगळे सांगायला नको. विमा पाच लाखांवर गेला ४ फेब्रुवारी २०२०ला, पीएमसीच्या ठेवीदारांनी रिझर्व्ह बँकेच्या दारात चार महिने बसून काढल्यानंतर.

त्याच्या पुढच्याच महिन्यात येस बँक कोसळली. ५ मार्चला निर्बंध आले. पन्नास हजारांची मर्यादा. स्टेट बँकेने आणि इतर बँकांनी मिळून दहा हजार कोटी ओतले आणि १८ मार्चला निर्बंध उठलेसुद्धा. तेरा दिवस. पीएमसीचे विलीनीकरण युनिटी स्मॉल फायनान्स बँकेत झाले २५ जानेवारी २०२२ला, म्हणजे दोन वर्षे चार महिन्यांनी. त्यातही अटी अशा: पाच लाखांपर्यंत विम्यातून, पुढचे पैसे वर्षावर्षाच्या हप्त्यांनी, आणि पंधरा लाखांवरची रक्कम दहा वर्षांनी. म्हणजे २०३२ साली. मार्च २०२१नंतरचे व्याज पाच वर्षांपुरते गोठवलेले. साठाव्या वर्षी निवृत्त होऊन घर विकलेले पैसे ठेवलेल्या माणसाला सरकारने सांगितले की तू त्र्याहत्तर वर्षांचा होईपर्यंत थांब. येस बँक वाचवली हे चूक झाले, असे मी म्हणत नाही. ती पडली असती तर पडझड दूरवर गेली असती. पण मोठ्या बँकेचा ठेवीदार ही राष्ट्रीय आपत्ती आणि सहकारी बँकेचा ठेवीदार हा ज्याच्या-त्याच्या नशिबाचा भाग, ही वर्णव्यवस्था नव्हे तर काय? आणि तिच्याविरुद्ध किती जण रस्त्यावर उतरले? पीएमसीचे ठेवीदार आझाद मैदानात बसले होते तेव्हा रुपीचे ठेवीदार पुण्यात आपली वेगळी बैठक घेत होते, आणि ज्यांच्या बँका शाबूत होत्या ते टीव्हीवर पाहून म्हणत होते, 'यांनी आधी बघायला नको?' ऑक्टोबर २०१९मध्ये विधानसभेची निवडणूक झाली. सहकारी बँकांच्या ठेवीदाराचा प्रश्न तिच्यात निर्णायक ठरला नाही.

नंतर नियम झाले. पीएमसीनंतर मोठ्या नागरी बँकांत वेगळे व्यवस्थापन मंडळ सक्तीचे झाले, समूहाला द्यायच्या कर्जाची मर्यादा आवळली, २०२०मध्ये बँकिंग नियमन कायदा बदलून रिझर्व्ह बँकेला सहकारी बँकांवर अधिक अधिकार मिळाले, २०२१मध्ये विम्याचे पैसे नव्वद दिवसांत देण्याची तरतूद झाली. हे सगळे चांगले आहे. संचालक आणि त्यांच्या नातेवाइकांना कर्ज देण्यावर तर २००३पासूनच बंदी आहे. म्हणून काय झाले? कर्ज संचालकाच्या भावाऐवजी त्याच्या ड्रायव्हरच्या नावाने निघू लागले. नियम माणसाला पकडतो ते पकडायची इच्छा असलेल्या समाजात.

पुरावा फार जुना शोधायला नको. १३ फेब्रुवारी २०२५ला मुंबईच्या न्यू इंडिया को-ऑपरेटिव्ह बँकेवर निर्बंध आले. ही १९६८ साली जॉर्ज फर्नांडिस यांच्या पुढाकाराने कामगारांसाठी निघालेली बँक. या वेळी गुंतागुंतीची बनावट खातीही लागली नाहीत. तिजोरीतली १२२ कोटींची रोकडच नाहीशी होती. तपासात समोर आले की प्रभादेवीच्या तिजोरीत जेमतेम दहा कोटी मावतात. खोलीत मावत नाही एवढी रक्कम कागदावर वर्षानुवर्षे राहिली, तिच्यावर तपासनिसांच्या सह्या होत राहिल्या, आणि त्या कागदांवर आधारलेले ताळेबंद सभासदांनी हात वर करून मंजूर केले. ४ ऑगस्टला ती बँक सारस्वत बँकेत विलीन झाली म्हणून ठेवीदार तरले. नशीब.

सप्टेंबरअखेर पुन्हा सभांचा हंगाम येईल. अहवालाच्या मागच्या पानांत आता एक आकडा छापावा लागतो: सर्वांत मोठ्या वीस कर्जदारांकडे एकूण कर्जापैकी किती टक्के आहे. तो आकडा पाहा, मोठ्याने वाचा, मागच्या वर्षीपेक्षा का वाढला ते विचारा. त्यासाठी सभेत बसण्याचा हक्क हवा, आणि सभासदत्वाचा अर्ज द्यायला कायद्याने ठेवीदाराला मनाई केलेली नाही. काही शेअर घ्यायचे, फॉर्म भरायचा. माझ्या परिचयातले एक निवृत्त शिक्षक गेल्या वर्षी तो फॉर्म मागायला त्यांच्या शाखेत गेले. बावीस वर्षांचे ठेवीदार. काउंटरवरच्या मुलाने ड्रॉवर उघडला, बंद केला, आत जाऊन साहेबांना विचारून आला आणि अगदी आदबीने म्हणाला, "काका, कर्ज हवंय का तुम्हाला?"